बॅकहोने झाडाचा बुंधा काढणे: आधी माती, मग मुळं, बुंधा सर्वांत शेवटी

लहान ट्रॅक्टरला बॅकहो, म्हणजे टोकाला बकेट असलेला मागचा खोदणारा हात, जोडून बुंधा काढायला बसलं की बहुतेक जण पहिल्या दहा मिनिटांत एकच चूक करतात. बकेटचे दात बुंध्यामागे अडकवतात आणि जोरात ओढतात. बुंधा जागचा हलत नाही, ट्रॅक्टरच त्याच्याकडे घसरत जातो. मग बूम (हाताचा ट्रॅक्टरकडचा भाग) डावी-उजवीकडे आपटून बघतात, बकेट वरून दाबून बघतात, आणि तासाभराने एखादी पिन वाकलेली असते किंवा तेलाच्या दाबाचा होज फुटलेला असतो. यंत्र कमी ताकदीचं निघालं असा निष्कर्ष निघतो. खरं तर चुकलेला असतो तो क्रम.

२५ ते ५० एचपीचा ट्रॅक्टर लोडर (पुढची उचलायची बकेट) आणि बॅकहो धरून साधारण दोन-तीन टनांचा होतो. चांगल्या मुरलेल्या झाडाची मुळं एवढं वजन सहज अडवून धरतात. त्यामुळे या यंत्राकडून उपटायचं काम घ्यायचंच नाही. त्याच्याकडून माती काढून घ्यायची, एकेक मूळ उघडं करून तोडायचं, आणि शेवटचं मूळ सुटलं की बुंधा हलक्या धक्क्याने कलंडू द्यायचा. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

## कोणत्या बुंध्याला हात घालायचा

व्यास जमिनीलगत मोजा, छातीच्या उंचीवर नाही; खाली तो बराच जास्त भरतो. २० सेंमीपर्यंतचा बुंधा म्हणजे फार काम नाही. ३० ते ४५ सेंमीला अर्धा दिवस हाताशी ठेवा. ६० सेंमीच्या पुढे गेलात तर लहान बॅकहोने निघतो, पण यंत्राची झीज आणि खड्ड्याचा आकार पाहता मी मोठं यंत्र बोलावतो किंवा बुंधा जागच्या जागी दळून टाकतो.

झाडाची जातही बघा. नारळासारख्या झाडाला सोटमूळ नसतं, दोरखंडासारख्या मुळांचा गठ्ठा असतो. तो चारी बाजूंनी सुटला की खालून धरून ठेवणारं काही उरत नाही. कडुनिंब, आंबा, बाभूळ यांचं सोटमूळ खोल जातं आणि शेवटचा तास तेच खातं. वड-पिंपळाच्या जातीत आडवी मुळं लांबवर पसरतात, तिथे खोलीपेक्षा घेर मोठा धरावा लागतो.

झाड पाडून वर्ष-दोन वर्षं झाली असतील तर बारीक मुळं कुजलेली असतात आणि काम निम्म्यावर येतं. घाई नसेल तर वाट बघणं हा फुकटचा उपाय आहे. मात्र निलगिरी, सुबाभूळ अशी झाडं तोडल्यावर पुन्हा फुटतात. तिथे फुटवे सतत खुडत राहिलात तरच बुंधा मरतो, नाहीतर दोन वर्षांनी मुळं आणखी जाड झालेली सापडतील.

## टप्पा १: झाड पाडतानाच बुंधा उंच ठेवा

सगळ्यांत महागात पडणारी चूक यंत्र येण्याच्या आधीच झालेली असते. झाड जमिनीलगत कापून टाकतात. दिसायला स्वच्छ दिसतं, आणि बॅकहोला धरायला काही उरत नाही.

१ ते १.२ मीटर उंच खोड ठेवा. कारण सरळ तरफेचं आहे. बुंधा कलंडतो तेव्हा तो जमिनीखाली साधारण ४० सेंमीवरच्या मुळांच्या भोवती फिरतो असं धरा. १५ सेंमी उंच बुंध्यावर जोर लावलात तर तरफेची लांबी ५५ सेंमी. १.२ मीटरवर लावलात तर १.६ मीटर, म्हणजे तोच जोर जवळजवळ तिप्पट काम करतो. तो तिप्पट जोर विकत घ्यायचा तर मोठा ट्रॅक्टर लागेल.

त्यापेक्षा उंच मात्र ठेवू नका. वरचं वजन वाढतं, आणि मुळं तोडता तोडता खोड अवचित तुमच्या अंगावर कलू शकतं.

बुंधा आधीच जमिनीलगत कापला असेल तर तरफ विसरा. चर अधिक खोल घ्यावा लागेल आणि प्रत्येक मूळ सुटेपर्यंत धीर धरावा लागेल. निघतो तोही, पण वेळ दुप्पट धरा.

## टप्पा २: खाली आणि वर काय आहे ते आधी शोधा

बुंध्याभोवती ४ ते ५ मीटरच्या घेरात जमिनीखालून काय गेलंय ते विचारा, नकाशे काढा, मीटरपासून आणि टाकीपासून सरळ रेषा धरून अंदाज घ्या. विजेची केबल, पाण्याची पाइपलाइन, ठिबकची मुख्य नळी, सांडपाण्याचा पाइप, सेप्टिक टाकी. चुन्याने रेघ आखा. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना ६० सेंमी बकेट न लावता कुदळ-फावड्याने खोदा. केबलचा नुसता संशय असला तरी पहार ठोकून शोधत बसू नका. संबंधित विभागाकडून खूण करून घ्या आणि वीज बंद करूनच कामाला लागा.

यातला एक धोका लोकांच्या लक्षात येत नाही, माझ्याही आला नव्हता. एका कामात पाण्याचा पाइप बुंध्यापासून चांगला ३ मीटर लांब होता. चर त्याच्या जवळपासही जात नव्हता, म्हणून मी निश्चिंत होतो. मनगटाएवढं एक मूळ दातात धरून वर घेतलं, ते जमीन फाडत लांबपर्यंत उठत गेलं आणि थोड्या वेळाने चरात पाणी भरायला लागलं. ते मूळ पुढे जाऊन पाइपच्या जोडाला विळखा घालून बसलं होतं. बकेट पाइपला लागलीही नव्हती. मुळानेच जोड उखडला होता. ओलाव्याच्या दिशेने मुळं जातातच, आणि गळका जोड म्हणजे त्यांच्यासाठी पाणवठा.

तेव्हापासून पाइप, भिंत किंवा फरशी ज्या बाजूला असेल त्या बाजूची मुळं मी कधीच ओढत नाही. ती चरात उघडी करायची, करवतीने कापायची, आणि पलीकडचा तुकडा जमिनीत तसाच ठेवायचा.

वर मान करूनही बघा. बूम पूर्ण उचलली की तिचं टोक किती उंच जातं ते मोकळ्या जागेत एकदा पाहून ठेवा. त्या टप्प्यात विजेची तार येत असेल तर काम सुरूच करायचं नाही.

## टप्पा ३: माती भिजवा, पण दोन दिवस आधी

कोरडी चिकणमाती मुळांना सिमेंटसारखी धरून ठेवते. बुंध्याभोवती आळं करा आणि बारीक धारेने पाणी सोडून मुरू द्या. दोन दिवसांपूर्वी भिजवलं की ओल ५०-६० सेंमीपर्यंत उतरते आणि वरचा थर चालण्याइतका सुकतो.

त्याच सकाळी पाणी ओतणं हा उलटा उद्योग आहे. वर चिखल, खाली कोरडं. ट्रॅक्टर जिथे उभा राहणार ती जागा तर कोरडीच हवी, नाहीतर बॅकहोचे जमिनीवर टेकवायचे मागचे पाय रुतत जातात आणि यंत्र हळूहळू एका अंगाला कलतं. रेताड किंवा मुरमाड जमिनीत भिजवण्याचा फारसा फायदा नाही. तिथे उलट चराच्या कडा लवकर ढासळतात.

## टप्पा ४: यंत्राची तयारी

बॅकहो ट्रॅक्टरला कसा जोडलाय हे आधी बघा. सबफ्रेमवर बसवलेला असेल, म्हणजे चौकट ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढपर्यंत गेलेली असेल, तर उत्तम. नुसता थ्री पॉइंट लिंकेजवर (अवजारं जोडायच्या मागच्या तीन दांड्यांवर) टांगलेला असेल तर बुंध्याचं काम मी त्यावर करत नाही. जोर लागला की असा बॅकहो वरच्या बाजूला उसळू शकतो आणि चालक सीट व रोलबारच्या (सीटमागच्या संरक्षक कमानीच्या) मध्ये चिरडू शकतो. शिवाय सगळा ताण ट्रॅक्टरच्या मागच्या घरावर (गिअर-धुऱ्याच्या कवचावर) येतो, आणि ते ओतीव लोखंडाचं असतं. वाकत नाही, तडकतं.

बकेट अरुंद लावा. ३० सेंमीची चांगली. रुंद बकेटने माती जास्त निघते, पण मुळावर येणारा जोर जास्त दातांत वाटला जातो. एकच दात असलेला रिपर मिळाला तर मुळांसाठी त्याहून चांगलं काही नाही. दात बोथट झाले असतील तर आजच बदला.

मग फेरी मारून बघा:

- सगळ्या पिनांना ग्रीस, पिनांच्या क्लिपा जागेवर.
- सबफ्रेमचे बोल्ट घट्ट.
- हायड्रॉलिक तेलाची पातळी, बूम आणि बकेट मिटलेल्या स्थितीत.
- होज कुठे घासतायत का, फुगलेत का.
- लोडर पुढे जोडलेलाच असू द्या. तो पुढचं वजन आहे आणि पुढचा आधारही.

सावधान: तेल गळतंय असं वाटलं तर होजवरून हात फिरवू नका. लहान ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्येही साधारण १७० बारचा दाब असतो. सुईच्या भोकातून येणारी धार दिसत नाही, पण कातडी भेदून आत जाते, आणि त्या जखमेला तातडीने शस्त्रक्रिया लागते. इंजिन चालू असताना पुठ्ठा धरून गळती शोधा, बंद करून दाब सोडा आणि मगच पाना हातात घ्या.

हाताची अवजारंही लागतातच: कुऱ्हाड, पहार, फावडं, जाड दातांची करवत, पाण्याची नळी. चेन सॉ फक्त जमिनीवरच्या लाकडासाठी. मातीने माखलेल्या मुळावर साखळी काही सेकंदांत बोथट होते, आणि चरात उभं राहून ती उसळली तर मागे सरायला जागा नसते.

## टप्पा ५: ट्रॅक्टर कुठे आणि कसा उभा करायचा

बुंधा अगदी मागे, मधल्या रेषेत घ्या. तिरपं उभं राहून काम भागवायला गेलात की प्रत्येक ओढीत आडवा ताण येतो. अंतर असं ठेवा की बुंधा बूमच्या पूर्ण पोहोचीच्या साधारण दोन-तृतीयांश अंतरावर येईल. पूर्ण लांबवलेल्या हाताला जोर नसतो, हे आपल्या हाताचंही खरं आहे आणि बॅकहोचंही.

क्रम असा:

1. लोडरची बकेट जमिनीवर सपाट टेकवा आणि पुढच्या चाकांवरचं वजन हलकं होईल इतकी दाबा.
2. हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रलमध्ये.
3. बॅकहोच्या सीटवर बसा आणि मागचे दोन्ही पाय एकाच वेळी थोडे थोडे खाली सोडा. मागची चाकं जमिनीला जेमतेम टेकतील इतपत यंत्र उचला. जमीन भुसभुशीत असेल तर पायांखाली जाड फळ्या घाला.
4. वाहतुकीसाठी लावलेली बूमची आणि स्विंगची (हात डावी-उजवीकडे वळवण्याची) लॉक पिन काढा. ती काढायची राहून गेली की पहिल्याच झटक्यात वाकते.
5. आरपीएम मध्यम ठेवा. बुंध्याच्या कामाला वेगाचा उपयोग नाही, ताबा लागतो.

तपासणी: बकेट रिकामी असताना बूम पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. ट्रॅक्टर डोलतोय? एखादा पाय बसतोय? मग पुन्हा टेका. उतारावर असाल तर माती नेहमी चढाच्या बाजूला टाका. भरलेली बकेट उताराकडे वळवली की यंत्र उलटायला तेवढं पुरतं.

जमिनीवर उभं राहून लिव्हर हलवायचे नाहीत, एकदाही नाही. आणि बूमच्या पोहोचीच्या आत दुसरं कुणी नको. मदतनीस असेल तर चालकाला दिसेल अशा जागी, आणि हात वर केला की सगळं थांबेल हे आधी ठरवून.

## टप्पा ६: चर

बुंध्याला अजून हात लावायचा नाही.

बुंध्याच्या कडेपासून त्याच्या व्यासाच्या एक ते दीड पट अंतरावर चर घ्या. ४० सेंमीचा बुंधा असेल तर ४० ते ६० सेंमी लांब. जवळ खोदलंत तर मुळं सर्वांत जाड असतात तिथेच दात आपटतील; हीच मुळं अर्धा मीटर बाहेर बरीच बारीक झालेली असतात. फार लांब गेलात तर मातीचा गोळा इतका मोठा होतो की तो हलवता येत नाही.

खोली पहिल्यांदा ४५ ते ६० सेंमी. बहुतेक झाडांची आडवी मुळं याच थरात असतात. वरची सुपीक माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाका, दोन्ही ढीग चराच्या कडेपासून निदान मीटरभर लांब. ढीग कडेलाच लावला की वजनाने कड आत बसते, आणि बुजवताना चांगली माती तळाशी गेलेली असते.

बकेट अर्धी भरली तरी चालेल. छोटे घास घ्या. चर खोदताना तुम्हाला मुळांचा नकाशा मिळत असतो: कुठे दात सरसर जातात, कुठे इंजिनचा आवाज खाली येतो. जिथे अडकेल तिथे जोर लावू नका, मागे-पुढे माती काढून मूळ उघडं करा आणि पुढे सरका.

आपल्याकडची बाजू आणि दोन्ही बगला एका जागेवरून होतात. पलीकडची बाजू त्याच जागेवरून खोदायचा हट्ट धरू नका. बुंध्यावरून हात लांबवून खोदलं की बकेट दर वेळी बुंध्याच्या पाठीवर येऊन आदळते आणि ताण सगळा डिपरच्या (बूम आणि बकेट यांमधल्या हाताच्या) पिनांवर जातो. पाय उचला, ट्रॅक्टर फिरवून पलीकडे न्या, पुन्हा नीट टेका. यात दहा मिनिटं जातात आणि पुढचा तास वाचतो.

सावधान: ट्रॅक्टरचे पाय चराच्या कडेपासून निदान चराच्या खोलीइतके लांब हवेत. ६० सेंमी खोल चर असेल तर ६० सेंमी. माती भुसभुशीत असेल तर आणखी.

## टप्पा ७: एकेक मूळ

इथे वेळ द्या. बुंधा निघणार की यंत्र मोडणार, याचा निकाल या टप्प्यावर लागतो.

५ सेंमीपर्यंतची मुळं बकेट गोल वळवताना दातांनीच तुटतात. ५ ते १० सेंमीच्या मुळाखाली दात घाला, बुंध्यापासून जमेल तितकं लांब, आणि बकेट आत वळवत मूळ वर उचला. ते धनुष्यासारखं वाकून उठतं आणि बहुधा बाहेरच्या बारीक टोकाला तुटतं. मग बुंध्याजवळ दुसऱ्यांदा तोडा आणि तुकडा चराबाहेर टाका. नुसतं एकदा तोडून सोडलेलं मूळ पुढे प्रत्येक घासात दातांत अडकत राहतं.

१० सेंमीच्या वरच्या मुळाशी कुस्ती खेळायची नाही. दोन्ही बाजूंनी आणि खालून माती काढा, नळीने धुवा, करवतीने किंवा कुऱ्हाडीने कापा. धुतलेल्या मुळावर कुऱ्हाड चार घावांत जे करते ते मातीतल्या मुळावर वीस घावांत होत नाही, आणि धारही टिकते.

जोर कुठून घ्यायचा याचाही क्रम आहे. पहिला पर्याय बकेट वळवणं; तरफेची बांधणीच तशी असल्यामुळे सर्वांत जास्त जोर तिथे मिळतो. दुसरा डिपर आत ओढणं. तिसरा बूम उचलणं, तोही बेताने. स्विंगने मूळ तोडायचं नाही. स्विंगचे सिलिंडर हात इकडून तिकडे वळवण्यापुरते असतात. आडव्या झटक्याने त्यांच्या पिना, बुश आणि मधला खांब ढिला होतो. एकदा ढिला झालेला बॅकहो पुढे प्रत्येक कामात डुगडुगत राहतो.

कान उघडे ठेवा. रिलीफ व्हॉल्व्हचा (जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेचा) चिरका आवाज आला म्हणजे यंत्र आपल्या मर्यादेला पोहोचलं. दोन सेकंदांत लिव्हर सोडा. आवाज येत असताना धरून ठेवल्याने जोर कणभरही वाढत नाही, फक्त तेल तापतं.

ट्रॅक्टर पुढे चालवून अडकलेलं मूळ ओढायचं, हेही नको. बॅकहो खोदण्याच्या जोरासाठी बनवलेला आहे, ट्रॅक्टरच्या झटक्यासाठी नाही.

सावधान: ताणलेलं मूळ सुटताना चाबकासारखं फिरतं. मूळ ताणावर असताना मदतनीस त्याच्या रेषेत किंवा चराच्या काठावर उभा नको. चरात उतरून कापायचं असेल तेव्हा बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि चावी उतरणाऱ्याच्या खिशात जाऊ द्या.

## टप्पा ८: डोलवून बघा

चारी बाजूंचा चर झाला, दिसतील ती मुळं तुटली, की पहिल्यांदा बुंध्याला हात लावा. बकेटची पाठ खोडाच्या वरच्या टोकाला टेकवा आणि हळू पलीकडे ढकला. पलीकडे, आपल्याकडे नाही. खोड पडलंच तर ते ट्रॅक्टरपासून लांब पडायला हवं. डिपर बाहेर ढकलताना त्याचा जोर आत ओढण्याच्या जोरापेक्षा कमी असतो, कारण सिलिंडरची दांड्याकडची बाजू काम करत असते. उंच ठेवलेलं खोड इथे कामी येतं.

ढकलताना खोडाकडे बघू नका, त्याच्या पायाशी बघा. मातीचा गोळा एका बाजूला उचलला जातो, तिथे केसासारखी भेग पडते आणि रुंदावत जाते. भेग सगळीकडे सारखी फिरत गेली पाहिजे. जिथे भेग थांबते आणि माती चिकटूनच राहते, तिथे खाली एक मूळ शिल्लक आहे. खुणेसाठी तिथे काठी रोवा, ढकलणं थांबवा, तेवढीच जागा खोदा. अंदाजाने चारी बाजू पुन्हा खोलवर नेण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं.

बुंधा डोलतो, पण वर येत नाही आणि मध्यावरच फिरतो, अशी स्थिती असेल तर सोटमूळ धरून आहे. आपल्याकडच्या बाजूने चर खोल करत बुंध्याच्या पोटाखाली शिरा. तिथली माती काढली की पलीकडे ढकलल्यावर पोकळी उघडते आणि सोटमूळ दिसतं. बकेटचे दात त्यावर घालून वळवा. तुटत नसेल तर बुंधा कललेल्या स्थितीत ठेवून कापावं लागतं, पण तेव्हा नुसत्या बकेटच्या आधारावर विसंबून कुणी खाली हात घालू नये. हायड्रॉलिकचा दाब उतरला की बकेट मागे सरते. पोकळीत ओंडका घट्ट बसवा, बुंधा त्यावर टेकवा, आणि मग बाहेर उभं राहून लांब दांड्याच्या करवतीने कापा.

## टप्पा ९: बुंधा बाहेर काढणे

सुटलेला बुंधा उचलून बाहेर ठेवू म्हणणारे फसतात. हिशोब करा: दीड मीटर व्यासाचा आणि ६० सेंमी जाडीचा मुळं-मातीचा गोळा म्हणजे एक घनमीटरच्या वर. ओली माती घनमीटरला दीड टनाहून जास्त भरते. लांबवलेल्या बूमवर लहान बॅकहो काही शे किलोच उचलतो. त्यापुढे बुंधा जागेवर राहतो आणि ट्रॅक्टर उचलला जातो.

म्हणून आधी माती झाडा. बुंधा खड्ड्यातच आडवा करा, मुळांच्या फटींत दात घालून माती खरवडा, नळीने धुवा. घाई नसेल तर दोन-तीन दिवस उन्हात पडू द्या. सुकलेली माती टोकरल्यावर ढेकळांनी गळते.

मग खड्ड्याची एक बाजू उतरती करा आणि त्या उतारावरून बुंधा लोळवत वर आणा. बकेट मुळाखाली घालून अर्धा फेर, थांबा, पुन्हा अर्धा फेर. पूर्ण वजन हवेत कधीच घ्यायचं नाही. वर आल्यावर लोडरने जमिनीलगत ढकलत न्या.

साखळीने ओढायचाच असेल तर बॅकहो उतरवा, कारण तो जोडलेला असताना ड्रॉबार (ट्रॅक्टरमागची ओढायची पट्टी) बहुधा झाकला जातो. साखळी ड्रॉबारलाच बांधा. रोलबारला, सीटखाली किंवा वरच्या लिंकला बांधली की ओढ मागच्या धुऱ्याच्या वर येते, पुढची चाकं उचलतात आणि एक-दीड सेकंदात ट्रॅक्टर चालकासकट मागे उलटतो. तेवढ्या वेळात क्लच दाबायलाही सुचत नाही. सगळ्यात खालचा गिअर, साखळी आधी हळूच ताणायची, झटका नाही, आणि साखळीच्या दोन्ही बाजूंना तिच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणीही नको.

## टप्पा १०: खड्डा बुजवणे

खड्ड्यात उतरून सुटे तुकडे आणि अर्धवट मुळं वेचा. लाकूड तळाशी राहिलं की कुजतं, वाळवी लागते आणि दोन-तीन वर्षांनी त्याच जागी जमीन खचते. बुंध्याचा भुसा आणि साल त्याच खड्ड्यात ढकलणारे पुष्कळ असतात. पुढे तिथे ट्रॅक्टरचं चाक बसलं की कारण शोधत राहतात.

खालची माती आधी, २० सेंमीच्या थरांनी. प्रत्येक थर धुम्मसने ठोका, माती कोरडी असेल तर थोडं पाणी शिंपडा. सगळी माती एकदम लोटून वरून चाक फिरवलं की फक्त वरचे २०-३० सेंमी बसतात. सुपीक माती सर्वांत वर, आणि भोवतालपेक्षा १० ते १५ सेंमी उंच ठेवा. ठोकलेली मातीही पहिल्या पावसात बसते.

त्या जागी भिंत, खांब किंवा टाकी येणार असेल तर हा भराव पुरेसा नाही. तिथे मुरूम घालून यंत्राने दबाई करून घ्या किंवा पाया खालच्या न हललेल्या जमिनीपर्यंत उतरवा.

## दोन तास झाले आणि बुंधा हलत नाही

थांबा आणि इंजिन बंद करा. माझ्या अनुभवात अशा वेळी कारण तीनपैकी एक निघतं. चर उथळ आहे: तळाला पहार टोचत चारी बाजू फिरा, लाकडावर पहार दणकन थांबते आणि दगडावर खणखणते. किंवा पलीकडची बाजू नीट खोदलेलीच नाही. किंवा सोटमूळ. चौथी शक्यता, यंत्र लहान पडलं ही, या तिन्ही तपासल्यावरच मनात आणा.

खड्डा उघडा ठेवून जायचं असेल तर भोवती दोरी किंवा अडथळा लावा. डोलणारा बुंधा रात्रभर उभा ठेवू नका, बकेटने आडवा करून मगच जा.

## यंत्र मिटण्याआधी

मातीत काम केल्यावर पिनांमध्ये वाळू शिरते, म्हणून ग्रीस दुसऱ्या दिवसावर टाकू नका. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन स्वच्छ दिसेपर्यंत भरा. सबफ्रेमचे बोल्ट पुन्हा आवळा, बुंध्याच्या कामानंतर एखादा तरी ढिला सापडतोच. दातांच्या पिना मोजा. बूमच्या मुळाशी आणि स्विंगच्या खांबाजवळच्या वेल्डिंगवर फडकं फिरवून रंगाला तडा गेलाय का बघा. पत्रा फाटण्याआधी रंग फाटतो. मग बूम मिटा, दोन्ही लॉक पिना लावा, पाय पूर्ण वर घ्या आणि लोडरची बकेट सर्वांत शेवटी उचला.